खुंट्यांमधली पाणंद

गुरुवारी मोजणीवाले येऊन गेले आणि शुक्रवारपासून शिमकाकांनी पाणंदीवर पाय ठेवला नाही.

आई फोनवर यातलं काही बोलली नव्हती. शनिवारी दुपारी मी सोलहून येऊन बसमधून उतरले, कपडे बदलले आणि मिरचीच्या रानात तिच्या शेजारच्या सरीत जाऊन बसले, तेव्हा ते मला दिसलं. आमच्या खालच्या तुकड्याच्या मधोमध सिमेंटची पाणंद वर जाते. तिच्या दोन्ही कडांना लाल डोक्याच्या खुंट्या ठोकलेल्या होत्या. इतक्या सरळ रेषेत की पाणंदच वाकडी वाटत होती. आणि पलीकडे ओढ्याच्या काठानं, जिथून आता फक्त रानडुकरं जातात त्या जुन्या पायवाटेनं, एक म्हातारा माणूस पाठीवर जिगे घेऊन उतरत होता. लाकडाची ती पाठचौकट मी कित्येक वर्षांत कुणाच्या पाठीवर पाहिली नव्हती. बहुतेकांच्या जिगे एव्हाना चुलीत गेल्या, उरलेल्या हॉटेलांच्या भिंतींवर. तिच्यावर मिरचीची दोन पोती बांधलेली. काठी टेकवायची, पाऊल टाकायचं, थांबायचं. पुन्हा काठी.

“ते शिमकाका का?” मी विचारलं.

“दुसरं कोण असणार?”

“ट्रक बिघडलाय का त्यांचा?”

आईनं मिरची तोडून टोपलीत टाकली. “ट्रकला काय झालंय? वर त्यांच्या शेतात उभा आहे. बुधवारी चढवला होता. आता उतरवत नाहीत.”

“का?”

आई पुढच्या झाडाकडे सरकली. तिच्या कमरेला फोमची गोल बैठक पट्ट्यांनी बांधलेली होती. मिरचीच्या दिवसांत आमच्या गावच्या सगळ्या बायका अशाच हिंडतात, बसायची जागा मागे घेऊन. उभं राहिलं की ती शेपटीसारखी डुलते. बाबा त्यावरून तिची थट्टा करायचे. जिनबोवाली चालली सिंहासन घेऊन, म्हणायचे. आईचं माहेर जिनबो, म्हणून गावात तिचं नाव जिनबोवाली.

मार्चमध्ये बाबा गेले. जमीन अजून त्यांच्याच नावावर होती, ती आईच्या, दादाच्या आणि माझ्या नावावर व्हायची होती. उन्हाळ्यात दैगूचा एक माणूस येऊन खालचा तुकडा बघून गेला. त्याला तिथं सौरऊर्जेचे पत्रे लावायचे होते आणि जागा सलग हवी होती, मधून वाट चालणार नव्हती. दादानं कागद काढले, तर वाट कुठं नव्हतीच. ज्या वर्षी सरकारनं गावोगावी सिमेंटच्या गोण्या पाठवल्या, त्या वर्षी आजोबांनी आपल्या रानातून पट्टा काढून दिला होता, तो तोंडी. कागदावर ते अजून सगळं आमचंच रान होतं. विकून येईल त्यात दादाच्या घरापासून दोन गल्ल्यांवर आईसाठी तळमजल्याची जागा घ्यायची, असं ठरत होतं. आई हो म्हणाली होती. मीही हो म्हणाले होते. उद्या वर डोंगरातल्या आमच्या कबरींवरचं गवत कापायला सगळे येणार, तेव्हा जेवणानंतर विक्रीच्या कागदावर, सहीच्या जागी चालतात ते, तिघांचे शिक्के उठवायचे होते.

“शिमकाका काही बोलले का तुला?”

“काय बोलणार? खुंट्या बघितल्या, ट्रक तसाच ठेवला, माळ्यावरून जिगे काढली.” तिनं हातमोजा काढला. तिखटानं बोटं नखांपाशी सुजली होती. “मी दमलेय गं, इनह्ये,” ती म्हणाली. तक्रार म्हणून नाही. ऊन उतरलंय म्हणावं तसं. मग हातमोजा पुन्हा चढवला.

*

दादा, वहिनी आणि मुन्हो काका रविवारी सकाळी आले. गाडीत काय बोलणं झालं ते मला वहिनीकडून नंतर कळलं, तिच्या पद्धतीनं, म्हणजे भांडी विसळताना थोडं थोडं.

काकांना त्यांनी आन्दोंगच्या बसस्टँडवरून घेतलं. मुन्हो काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. सोळाव्या वर्षी गाव सोडून पुसानला बुटांच्या कारखान्यात गेले, ते परत राहायला आले नाहीत. पण आमच्या ग्वॉन घराण्याचा अभिमान त्यांनी बरोबर नेला होता आणि तो तिकडच्या दमट हवेत चांगलाच फुगला होता. बाबांच्या अंत्यविधीला त्यांनीच सगळ्यांसमोर बजावलं होतं की ग्वॉनांची मूठभर माती विकाल तर माझ्याशी गाठ आहे. त्यामुळे दादा त्यांच्याशी जपून बोलत होता. पाणंद बंद झाली की कबरींपर्यंत गाडी जाणार नाही, म्हणून कबरीही हलवाव्या लागतील. दैगूजवळ नवं अस्थिगृह झालंय. गवत कापायला नको, डोंगर चढायला नको, गाडी लावायला जागा आहे, आणि लिफ्ट आहे.

“लिफ्ट आहे?” काका म्हणाले.

“आहे.”

काकांनी गुडघ्यावरून हात फिरवला. गावाच्या फाट्यापर्यंत ते दादाच्या बाजूला आले होते. जग बदलतं, मेलेल्यांनीही थोडं बदलायला हवं, असं काहीतरी म्हणाले.

मिरान वहिनी तोवर गप्प होती. दोन गल्ल्यांवर म्हणजे सासूबाईंचं सगळं कुणाकडे येणार हे तिला कळत होतं आणि त्यावर तिनं ब्र काढला नव्हता. फाट्यावर तिनं एवढंच विचारलं की आई मिरच्या वाळवतील कुठे.

“मिरच्या कशाला वाळवेल? पूड दुकानात मिळते.”

“आईंना दुकानातली पूड द्यायची?”

“अगं, माणूस तिथं रानात पडून राहिलं तर संध्याकाळपर्यंत कुणाला कळत नाही,” दादा म्हणाला. वहिनी सांगते की त्याचा आवाज चढला नव्हता. उलट बसला होता. “दर फोनला मला वाटतं, हाच तो फोन. मला आता रोज रात्री त्या भीतीत झोपायचं नाही.”

त्याच्या सगळ्या मोजण्यांच्या आणि कागदांच्या मुळाशी एवढंच होतं. मी त्याला त्या दिवसांत हिशेबी समजत होते.

*

आई खालीच राहिली. पुरीएवढी भाज्यांची धिरडी तळायची होती आणि वहिनीला तिनं मदतीला ठेवून घेतलं. दादा, काका आणि मी गाडीनं वर गेलो. शिमकाकांच्या रानाशी त्यांचा निळा छोटा ट्रक उभा होता, हौद्यात मिरचीची पोती, वर ताडपत्री. दादानं गाडी हळू केली. मार्चमध्ये बाबा वरच्या बांधाशी कोसळले, तेव्हा शिमकाकांनी त्यांना याच हौद्यात घालून खाली आणलं होतं.

गवत कमरेएवढं होतं. आम्हाला तिघांनाही ते नवीन होतं. दरवर्षी आम्ही रविवारी पोचायचो तेव्हा डोंगर न्हाव्याकडून आल्यासारखा असायचा. बाबा शनिवारीच एकटे येऊन सगळं कापून ठेवायचे. पोरं दमून येतात, म्हणायचे. आम्ही फक्त तांदळाची दारू, मकॉली, ओतायची, नमस्कार करायचे आणि पाइनच्या सावलीत बसून जेवायचं. मला आठवत होतं ते एवढंच की बाबा तीन ठिकाणी दारू ओतायचे.

दादानं भाड्यानं आणलेलं ग्रासकटर सुरू केलं. तो शहरी हातांनी, पण मन लावून कापत होता. मी मागून दाताळ्यानं गवत ओढत होते. आधी बाबांची कबर. हरळीच्या तुकड्यांनी अजून एकमेकांना धरलं नव्हतं, शिवण दिसत होती. दादानं तिथं यंत्र बंद करून विळा घेतला. मग आजोबा, आजी. आणि मग कडेला, पाइनखाली, गवतातून एक बुटका, बसका उंचवटा वर आला.

“काका, ही कुणाची?”

काका दगडावर बसले होते. त्यांनी मान तिरकी केली, डोळे बारीक केले आणि एकदम उठले. “अरे, ही माझी आजी. तुमची पणजी.” आणि त्यांचा आवाज भरून आला. ती कशी होती ते त्यांनी यंत्राच्या आवाजापेक्षा मोठ्यानं ओरडून सांगितलं. परसात वाघ आला तेव्हा कपडे धुवायची मोगरी घेऊन ती त्याच्या मागे धावली होती. वाघ डोंगरापलीकडे पळाला तो परत आला नाही. “म्हणून आपल्या घरात बायकांचं चालतं,” काका म्हणाले.

दादानं ती कबर सगळ्यांत बारकाईनं केली. यंत्र अगदी मातीजवळून फिरवलं, कडा विळ्यानं साफ केल्या. सुका मासा आणि पेअर मांडलं, मकॉली ओतली. आम्ही तिघांनी दोन-दोनदा पुरा नमस्कार घातला. काकांना दुसऱ्यांदा उठताना मी आणि दादानं दोन्ही बाजूंनी धरलं.

तेवढ्यात आई आणि वहिनी टोपली घेऊन वर आल्या. आईच्या कमरेला फोमची बैठक तशीच होती. ती चढाच्या टोकाशी थांबली आणि पाइनखाली बघत राहिली.

“त्या म्हातारीचं मुंडण कुणी केलं?”

“वहिनी,” काका दुखावले, “आजीला असं बोलतात का?”

“कुणाच्या आजीला?”

“माझ्या.”

“भाऊजी, तुमची आजी ओढ्यापलीकडे थोरल्या घरच्या डोंगरावर आहे,” आई म्हणाली. “ही शिमांची म्हातारी.”

वहिनीनं टोपली खाली ठेवली, तोंडावर हात धरला, आणि आईच्या घशातून एक आवाज आला. मला वाटलं ठसका लागला. ती हसत होती. मार्चनंतर पहिल्यांदा. “नमस्कारही घातला असेल,” ती म्हणाली.

“दोनदा,” दादा म्हणाला.

“आणि वाघाची गोष्ट?”

“तीही झाली,” मी म्हटलं.

काका दगडावर परत जाऊन बसले आणि आपल्या बुटांकडे बघू लागले. दादाला मात्र हसू आलं नाही. तो पाइनखालीच उभा होता, विळा हातात घेऊन. “पण बाबा इथं दारू ओतायचे,” तो म्हणाला. “मी पाहिलंय. दरवर्षी ओतायचे. दुसऱ्याच्या कबरीवर कशाला?”

आई जिथं होती तिथंच बसली. तिला जागा शोधावी लागत नव्हती.

“कारण डोंगर त्यांचा आहे,” ती म्हणाली.

*

तिनं ते फार थोडक्यात सांगितलं. आजोबा धाकट्या घरचे, त्यामुळे त्यांना रान होतं पण कबरीसाठी डोंगर नव्हता. शिमांच्या घरी डोंगर होता, वरचं रान होतं, पण तिथवर गाडी जायला वाट नव्हती. सिमेंटच्या गोण्या आल्या तेव्हा आई या घरात नवी सून होती. पाणंदीच्या कामावरच्या माणसांना ती शेवया वाढत होती. दोन्ही घरचे म्हातारे शेजारी शेजारी उकिडवे बसले होते. एक म्हणाला, मला गाडीपुरती वाट दे. दुसरा म्हणाला, मला झोपण्यापुरती जागा दे. दोघं हसले, एकाच वाडग्यातून प्यायले. आईनं वाडगा पुन्हा भरला. झालं.

“कुठं लिहिलंय?” काकांनी विचारलं.

“शेजारी बसले होते, भाऊजी. लिहायचं कुणासाठी?”

त्यानंतर आजोबा असेपर्यंत आजोबा आणि मग बाबा, दर शरदात पहिला विळा शिमांच्या म्हातारीला लावायचे, मग आपल्या माणसांना. आम्ही येण्याआधी ते उरकलेलं असायचं, म्हणून आम्हाला ती आमचीच वाटत आली.

काकांनी मग जे केलं ते बघण्यासारखं होतं. आधी त्यांचा चेहरा पडला. मग त्यांनी मनातल्या मनात काहीतरी जुळवलं, म्हणजे शिमनं उद्या कागद काढले तर आपल्या तिन्ही कबरी उचलाव्या लागतील हे. आणि मग ते ताठ झाले. “मी पहिल्यापासून सांगत होतो,” ते दादाला म्हणाले, “की ग्वॉनांच्या जमिनीला हात लावू नका.”

“काका, मग लिफ्टचं काय?” वहिनीनं फार आदरानं विचारलं.

दादा त्या दोघांकडे बघतही नव्हता. तो आईसमोर येऊन बसला, गवतात. “मी तुला फोन केला होता,” तो म्हणाला. “मोजणीवाले यायच्या आधी. विचारलं होतं, काही अडचण आहे का. तू म्हणालीस, तुला योग्य वाटेल ते कर. का नाही सांगितलंस?”

आई बाबांच्या कबरीकडे बघत होती. हरळीचा एक तुकडा कोपऱ्यात पिवळा पडला होता.

“मला जायचं होतं म्हणून,” ती म्हणाली.

दादानं हातातला विळा गवतात ठेवला.

“मला वाटलं, कुणी काही बोललं नाही तर होऊन जाईल. मी तुझ्या त्या खोलीत बसेन. फरशी खालून गरम असेल. मिरची नाही, औषध फवारणं नाही, कमरेला हे नाही. शिमभाऊजी तोंड उघडणार नाहीत हे मला माहीत होतं. त्यांचा स्वभाव मला तुझ्या बापाएवढाच माहीत आहे. ते बोलणार नाहीत, मग मी कशाला बोलू?” तिनं पिवळ्या हरळीवरून नजर काढली. “तर त्यांनी जिगे काढली. भांडले असते तर बरं झालं असतं. मीही चार शब्द ऐकवले असते. शुक्रवारपासून मी मिरची तोडतेय आणि तो माणूस माझ्या समोरून पोती पाठीवर घेऊन उतरतोय. सकाळी रामराम करतो. तोही ओढ्याच्या पलीकडून.”

वाऱ्यानं कापलेल्या गवताचा वास आला. वहिनीनं टोपलीवरचं फडकं काढलं, मग पुन्हा घातलं.

दादानं वाटा शोधल्या. त्याचा तो स्वभाव. शिमांकडून कबरींपुरती जागा विकत घेता येईल. पाणंद कडेनं वळवता येईल. वळवली तर तुकड्याचे दोन होतात आणि दैगूच्या माणसाला सलग हवंय, हेही त्यालाच आठवलं आणि तो थांबला. मग माझ्याकडे वळला. “तू काही बोल. तुझाही शिक्का लागणार आहे.”

मी बसमध्ये बरंच काही जुळवून आले होते. आईच्या वयाबद्दल, दादावर पडणाऱ्या भाराबद्दल. त्यातलं काहीच आता बाहेर येईना.

“मला बाबांना पुन्हा उकरायचं नाही,” मी म्हटलं.

आईनं ॲप्रनच्या खिशातून रुमालाची गाठ काढली. तिच्यात तिचा शिक्का होता, बोटाएवढा, लाकडी, माहेरून आलेला. सकाळपासून तो तिच्याजवळ असावा. तिनं तो दादाच्या हातात ठेवला आणि त्याची बोटं मिटली.

“घे. उठव हवा तर. मी परत मागणार नाही, आणि तुझ्याबरोबर येईन. पण आधी शिमभाऊजींना जाऊन तुझ्या तोंडानं सांग की वाट बंद होणार. ते बरं म्हणाले तर माझी ना नाही.”

*

दुसऱ्याच्या माणसाची कबर चुकून कापली तर दारू घेऊन जावं लागतं. म्हणून मी किटली घेऊन दादाच्या मागे गेले. आम्ही ओढ्याकडे उतरलो.

शिमकाका उताराच्या मध्यावर बसले होते. शेजारी काठीच्या टेकूवर उभी केलेली जिगे, तिच्यावर पोती. ते बाबांच्याच वयाचे, शाळेत एका बाकावर होते दोघं. त्यांनी आम्हाला येताना पाहिलं आणि टोपी मागे सरकवली.

“आजीची हजामत केलीत वाटतं.”

दादानं मान खाली घातली. “चुकून झालं, काका.”

“आवाजावरून कळलं. तुझा बाप विळ्यानं करायचा. एवढी गुळगुळीत ती लग्नातही नसेल.” त्यांनी माझ्या हातातली किटली बघितली. “नमस्कारही चुकून केलास का?”

“नाही. तो नीट केला. दोनदा.”

“मग आता परत घेता येत नाही. बसा.”

आम्ही बसलो. मी वाडग्यात मकॉली ओतली, दादानं तो दोन्ही हातांनी त्यांना दिला. त्यांनी अर्धा वाडगा पिऊन ओठ पुसले. जिगेच्या पट्ट्यांनी त्यांच्या शर्टावर खांद्यापाशी दोन ओल्या रेघा उमटल्या होत्या. दादाचं लक्ष तिथंच होतं.

“ट्रक खाली का आणत नाही, काका?”

“खुंट्या आहेत.”

“खुंट्या कडेला आहेत. मधली वाट मोकळी आहे.”

“मधलीच तर मोजलीय,” शिमकाका म्हणाले.

शिक्का धरलेली दादाची मूठ पुन्हा मिटली होती. मला वाटलं, आता सांगेल. सांगायला आला होता. त्यानं एकदा घसाही खाकरला. मग म्हणाला, “डोंगर तुमचा आहे हे तुम्ही आम्हाला का सांगितलं नाहीत? एक शब्द बोलला असता तर मी मोजणी थांबवली असती.”

“तुझा बाप तिथं झोपलाय,” ते म्हणाले. “त्याच्या उशाशी उभा राहून मी जागेचं काढू?”

ओढ्याला पाणी कमी होतं. शिमकाकांनी उरलेला वाडगा संपवला आणि दादापुढे धरला. मी भरला. दादा प्यायला.

“आणि घाई कसली आहे?” ते म्हणाले. आता त्यांचा आवाज थट्टेचा नव्हता. “अजून दोन हंगाम मिरची लावीन. फार तर तीन. मग गुडघे बसतील. माझा पोरगा चांगवॉनहून यायचा नाही, तुझाही येणार नाही. सिमेंटवर गवत आपोआप येईल. बंद करायला कुणी लागणार नाही त्या वाटेला. तेवढं थांब म्हणावं त्या दैगूच्या माणसाला.”

ते काही मागत नव्हते. मागितलं असतं तर नाही म्हणता आलं असतं. दादानं एकदा जिगेकडे पाहिलं. मग उठला आणि पोत्यांच्या दोऱ्या सोडायला लागला. “ही दोन पोती मी माझ्या गाडीत टाकतो,” तो म्हणाला. “आणि ट्रकची चावी द्या. मी खाली आणून देतो.”

“दारू प्यायलास. चावी नाही देणार.”

“तुम्हीही प्यायलात.”

“मग जेवून निघू,” शिमकाका म्हणाले. “जिनबोवालीची धिरडी असतील ना वर?”

*

ते वर आले, आपल्या आजीसमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिले, मान हलवली आणि आमच्यात जेवायला बसले. आईनं त्यांच्या पानात न विचारता किमची वाढली. मुन्हो काकांनी त्यांना वाघाची गोष्ट सांगायला घेतली. शिमकाका म्हणाले, वाघ खरा, पण तो आमच्या आजीमागे लागला होता. त्यावरून दोघांची बराच वेळ जुंपली. जमिनीचं कुणी बोललं नाही. मध्येच दादानं शिक्का आईपुढे ठेवला, पानाशेजारी, मिठाच्या वाटीजवळ. आईनं तो रुमालात बांधला.

“सोमवारी त्या दैगूच्या माणसाला फोन करतो,” दादा म्हणाला.

“मग तळमजला?” वहिनीनं विचारलं. आनंदानं नाही, पण दुःखानंही नाही.

“हिवाळ्यापुरती येते,” आई म्हणाली. “मिरच्या उरकल्या की. वसंतात रोपं लावायची असतात.”

“आमच्या गॅलरीत ऊन येतं,” वहिनी थोड्या वेळानं म्हणाली. “थोड्या वाळतील.”

दादा हसला नाही. त्याच्या डोळ्यांखाली काळं दिसत होतं. त्याची भीती जिथं होती तिथंच होती, फक्त आता ती हिवाळा सोडून बाकीच्या दिवसांची झाली होती.

उन्हं कलल्यावर आम्ही निघालो. भांडी, सतरंजी, यंत्र उचललं. आईनं विचारलं, पाणंदीच्या कडा कोण करणार. आम्हाला कुणालाच कळलं नाही. मग तिनं सांगितलं की बाबा कबरी झाल्यावर उतरताना पाणंदीच्या दोन्ही कडा कापत जायचे, घरापर्यंत. नाहीतर गवत वाकतं आणि चाकाला सिमेंटची धार दिसत नाही.

दादानं गाडीची चावी वहिनीला दिली आणि यंत्र पुन्हा खांद्याला लावलं. वहिनी काकांना आणि ती दोन पोती घेऊन पुढे गेली. दादा डावी कड कापत उतरायचा, थोडं मागे येऊन उजवी घ्यायचा. मी दाताळ्यानं गवत बाजूला ओढत होते, आई विळ्यानं राहिलेलं टिपत होती. आमच्या रानाशी पोचलो तशा खुंट्या लागल्या. त्या उपटायच्या नसतात. प्रत्येक खुंटीपाशी दादा यंत्राचा वेग कमी करायचा आणि तिच्याभोवती गोल फिरवून पुढे जायचा.

मागे ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला. तो पहिल्या गिअरमध्ये उतरत आला आणि आमच्यापासून थोड्या अंतरावर आमच्याच चालीनं चालू लागला. शिमकाकांनी हॉर्न वाजवला नाही. आम्ही थांबलो की ते थांबायचे.

शेवटच्या वळणाआधी यंत्र दोनदा खोकलं आणि बंद पडलं. तेल संपलं होतं. घर दिसत होतं तिथून, परसात लाल मिरच्या पसरलेल्या. शिमकाकांनीही इंजिन बंद केलं आणि खिडकीवर कोपर ठेवून बसले. दादानं यंत्र उतरवून पाणंदीवर ठेवलं. त्याचे हात अजून थरथरत होते, यंत्र धरून धरून. आईनं आपला विळा त्याच्याकडे मुठीकडून पुढे केला. आम्ही सगळेच फार दमलो होतो. आता राहू दे, असं कुणी म्हणालं नाही.